विल्सनसाहेबांची पाठ आणि गबाजीचा पाय

एका जंगलात एक दवाखाना होता. जंगलात दवाखाना कसा, असं विचारू नका, मुलांनो. गावात दवाखान्याची इमारत असते आणि आत डॉक्टर नसतो, ते तुम्ही मुकाट्यानं चालवून घेता. मग माझ्या जंगलातला दवाखानाही चालवून घ्या.

तर या दवाखान्यात डॉक्टर होता. दर हिवाळ्यात दूर परदेशातून एक पांढरा करकोचा उडत यायचा. तळ्याकाठच्या अर्जुनाच्या झाडाखाली एका पायावर उभा राहायचा आणि येईल त्याला तपासायचा. काही डॉक्टरांच्या हाताला गुण असतो, तसा याच्या चोचीला होता.

अडचण एवढीच, की त्याचं बोलणं कुणाला कळायचं नाही. तो नुसती चोच वाजवायचा. खट्-खट्-खट्-खट्. एकदा सशाचा कान दुखत होता. डॉक्टरांनी त्याचं पोट तपासलं आणि त्याला एरंडेल पाजलं. पुढचे दोन दिवस ससा झुडपातून बाहेर आला नाही. कान दुखायचा थांबला म्हणतात, पण तो एरंडेलानं थांबला की कानाकडे लक्ष द्यायला सवडच नव्हती म्हणून, हे ससा अजून सांगत नाही.

यावर सभा भरली. एक म्हातारा कोल्हा उठून म्हणाला, "पाहुणा परदेशातला आहे. बोलतो ते आपल्याला कळत नाही. म्हणजे तो इंग्रजीच बोलत असणार."

हे सगळ्यांना पटलं.

"मग आपण डॉक्टरांना मराठी शिकवू या की," साळूबाई म्हणाली. साळूबाई म्हणजे साळिंदर. अंगभर काटे, पण स्वभाव मऊ भातासारखा.

सभा पोट धरून हसली. एका डॉक्टरनं मराठी शिकायची, की तीनशे जनावरांनी इंग्रजी? तीनशे जनावरांनी, असं एकमतानं ठरलं. शिवाय असंही ठरलं, की ज्यानं इंग्रजी ऐकण्याची परीक्षा पास केली असेल त्यालाच दाखला मिळेल, आणि दाखल्याशिवाय कुणालाही डॉक्टरांपुढे उभं राहता येणार नाही. दुखणं असणं पुरेसं नव्हतं. ते ऐकून समजण्याची पात्रता हवी होती.

शिकवायला भृंगराज सर होते. भृंगराज म्हणजे तो काळा पक्षी, शेपटीला दोन लांब तारा आणि तारांच्या टोकाला झुपके असलेला. कुणाचाही आवाज हुबेहूब काढतो. हे सर पूर्वी शहरात राहायचे, तिथल्या एका इंग्रजीच्या वर्गाच्या खिडकीबाहेर, जांभळाच्या झाडावर. वर्गात रोज संभाषणांचं रेकॉर्डिंग लावत. सरांनी ते सगळं पाठ केलं होतं. बाईचा आवाज, बाप्याचा आवाज, मधली घंटी, सुरुवातीची खरखर. त्या वर्गातल्या शिपायाला जुना खोकला होता. तोही सरांनी पाठ केला होता. त्यामुळे आमच्या जंगलात प्रत्येक इंग्रजी संभाषणानंतर सगळा वर्ग एकदा खोकायचा.

वर्ग मोहाच्या झाडाखाली भरे. नियम तीन. संभाषण दोनदा ऐकवलं जाईल. मध्ये बोलायचं नाही. जागेवरून उठायचं नाही. मग सर तीन प्रश्न विचारायचे, प्रत्येकाला अ, ब, क असे तीन पर्याय. योग्य अक्षर पळसाच्या पानावर नखानं कोरायचं.

आधी रोजच्या जीवनातली संभाषणं झाली. बसचं तिकीट काढणं. हॉटेलात चहा मागवणं. शेजाऱ्याशी हवापाण्याच्या गप्पा. जंगलात बस नव्हती, हॉटेल नव्हतं, आणि शेजाऱ्याशी गप्पा मारायला गेलं तर कधीकधी शेजारी खाऊन टाकायचा. पण महिन्याभरात सगळ्यांना तिकीट काढता येऊ लागलं.

मग दवाखान्यातली संभाषणं सुरू झाली. पहिलंच होतं विल्सनसाहेबांचं. विल्सनसाहेबांची पाठ मंगळवारपासून दुखत होती. वाकलं की कळ यायची. सरांनी ती कळ अशी काढली, की हरणांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग सरांनी विचारलं, "विल्सन यांचे काय दुखत आहे? अ, गुडघा. ब, पाठ. क, दात."

सगळ्यांची नखं पानावर चालू लागली. साळूबाई मात्र उठली आणि निघाली.

"कुठं चाललात?"

"निरगुडीचा पाला आणते. पाठ शेकायला बरा असतो."

"अहो बाई, विल्सन इथं नाहीत."

"मग कुठंयत?"

"कुठंच नाहीत. ते संभाषणात आहेत."

"आणि पाठ?"

"पाठही संभाषणातच आहे."

साळूबाईनं जरा विचार केला. "बिचारे," ती म्हणाली. "तिथं कोण आणून देणार त्यांना पाला."

ती नापास झाली. पुढच्या खेपेला एका बाळाला ताप होता, तेव्हा ती काढा करायला धावली. त्यापुढच्या वेळी एक आजीबाई जिन्यावरून पडल्या, तेव्हा तर ती जिना कुठं असतो ते विचारत सगळं जंगल फिरून आली. अशी ती पाच वेळा नापास झाली. तिला इंग्रजी कळत नव्हतं असं नाही. कळायचं सगळं. पण कळलं की तिच्यानं बसवत नसे, आणि याला गुण नव्हते.

वर्गात पहिला यायचा तो गबाजी. गबाजी म्हणजे अस्वल. सगळ्यात आधी दाखला मिळाला तो त्यालाच. दाखला म्हणजे पळसाचं पान, त्यावर सरांच्या पंजाचा ठसा. तो त्यानं वेलीत ओवून गळ्यात घातला. तेव्हापासून तो मराठी बोलेनासा झाला. मुंग्यांची रांग दिसली की तो अदबीनं वाकून त्यांना विचारायचा, की पुढची बस किती वाजता आहे.

असा हा गबाजी एके दिवशी सकाळी मधाच्या पोळ्यासाठी ऐनाच्या झाडावर चढला. वर्गापासून चाळीसेक पावलांवर, करवंदीच्या जाळीपलीकडे. फांदी मोडली आणि गबाजी खाली खडकावर पडला. पाय मोडला. मांडीला मोठी जखम झाली आणि रक्त वाहायला लागलं.

मुलांनो, इथं जरा हसणं थांबवा. रक्त खरं होतं. असंच वाहत राहिलं असतं तर दुपारपर्यंत गबाजी राहिला नसता. हे त्यालाही कळलं, आणि तो घाबरला.

त्यानं हाक मारली. पण पहिला नंबरवाला तो, हाकसुद्धा नियमानं मारली. "गुड मॉर्निंग," तो ओरडला. "आय हॅव अ प्रॉब्लेम विथ माय लेग." मग कुठल्या झाडावरून पडलो, कुठला पाय, रक्त किती, सगळं त्यानं शुद्ध इंग्रजीत सांगितलं, आणि शेवटी विनंती केली, की कृपया लवकर या.

इकडे वर्गात सरांनी पंख वर केला. "नवीन संभाषण आहे. लक्ष द्या."

एवढी शांतता झाली, की मोहाचं फूल पडलेलं ऐकू यावं. हाक संपली. वर्ग खोकला.

"छान," सर म्हणाले आणि जाळीकडे तोंड करून त्यांनी आवाज दिला, "आता हेच संभाषण पुन्हा एकदा ऐकू या."

आणि गबाजीनं, मुलांनो, पुन्हा सांगितलं. गुड मॉर्निंगपासून. आज्ञाधारक विद्यार्थी होता हो तो. या वेळी जरा सावकाश, शब्द सुटे सुटे करून. शेवटी शेवटी त्याचा आवाज बारीक झाला.

"रेकॉर्डिंग जुनं दिसतंय," एक हरीण कुजबुजलं.

"प्रश्न पहिला," सर म्हणाले. "वक्त्याला काय झाले आहे? अ, त्याची बस चुकली आहे. ब, तो झाडावरून पडला आहे. क, त्याला चहा हवा आहे."

साळूबाई उभी राहिली होती. "अहो सर, गबाजीचा आवाज आहे तो."

"बोलायचं नाही, बाई. प्रश्न दुसरा. वक्त्याची मनःस्थिती कशी आहे? अ, आनंदी. ब, निवांत. क, चिंतातुर."

"अहो, तो पडलाय. सगळ्यांनी 'ब' कोरलंय की पानावर. मी बघितलं."

"बरोबरच आहे ते. म्हणून तर गुण मिळणार. तुम्ही खाली बसा."

पण तोवर साळूबाई जाळीत घुसली होती. मागून तिला तिसरा प्रश्न ऐकू आला. "हे ऐकणाऱ्याने आता काय करावे? अ, तिकीट काढावे. ब, छत्री घ्यावी. क, मदतीला धावावे."

सगळ्या वर्गानं 'क' कोरलं. एकाचंही चुकलं नाही. मग सगळे मांड्या घालून नीट बसले, आणि सरांनी पानं तपासायला घेतली.

साळूबाई गबाजीपाशी पोचली. "थँक यू फॉर कमिंग," गबाजी म्हणाला.

"मेल्या, मराठीत बोंबलला असतास तर निम्मं जंगल धावलं असतं."

गबाजीनं इकडे तिकडे पाहिलं आणि हळूच मराठीत म्हणाला, "दाखला काढून घेतला असता, बाई. फार मेहनतीनं मिळवलाय." आणि रडायला लागला. मोठं अस्वल रडताना बघवत नाही. साळूबाईनं दगडीपाला चुरगाळून त्याचा रस जखमेवर पिळला, वर पाला दाबून बसवला आणि म्हणाली, "हात ठेव यावर. काढू नकोस. आणि दे तो दाखला इकडं."

ती धावत दवाखान्यात गेली. दारात माकड होतं.

"दाखला?"

तिनं दाखवला.

"हा तर गबाजीचा आहे."

"दुखणंसुद्धा गबाजीचंच आहे."

याला माकडापाशी नियम नव्हता. त्यानं डोकं खाजवलं, तेवढ्यात ती आत गेली. डॉक्टर एका पायावर उभे होते. त्यांनी तिच्याकडे पाहून चोच वाजवली. खट्-खट्-खट्. साळूबाईला घाईत एकही इंग्रजी शब्द आठवेना. विल्सनसाहेब आठवले, पण त्यांचा काही उपयोग नव्हता. शेवटी तिनं डॉक्टरांचा पंख दातात धरला आणि ओढत चालू लागली. डॉक्टर निमूटपणे मागोमाग आले. पंख धरून ओढल्यावर कुठल्याही भाषेतला डॉक्टर येतो.

गबाजीचा पाय पाहताच डॉक्टर कामाला लागले. चोचीनं हाड जागेवर बसवलं. बांधायला आधार हवा होता, तो त्यांनी न बोलता चोचीनं दाखवला. साळूबाईनं पाठीवरचे सगळ्यात लांब सहा काटे झटकून दिले, पायाच्या दोन्ही बाजूंना लावले आणि वेलीनं करकचून बांधले. रक्त थांबलं. गबाजी वाचला.

तेवढ्यात वर्ग येऊन पोचला. पेपर तपासून झाले होते. प्रत्येकाला तीनपैकी तीन.

गबाजीनं डॉक्टरांचे आपल्या उत्तमोत्तम इंग्रजीत आभार मानले. डॉक्टरांनी चोच वाजवली. खट्-खट्-खट्-खट्. गबाजी पुन्हा बोलला, अधिक शुद्ध. डॉक्टरांनी पुन्हा तेच केलं.

"सर," गबाजी घाबरून म्हणाला, "मला यातलं अक्षरही कळलं नाही."

सगळे सरांकडे बघायला लागले. सरांनी शेपटीच्या तारा सावरल्या. "ते वरच्या पातळीचं इंग्रजी आहे," ते म्हणाले. "त्याचा वर्ग पुढच्या महिन्यापासून."

आता तुम्ही म्हणाल, करकोच्याला आवाजच नसतो, तो फक्त चोच वाजवू शकतो. शाबास, तुम्ही हुशार आहात. पण हे त्या सभेत सांगायला तुम्ही नव्हता. पुढच्या महिन्यात मोहाच्या झाडाखाली वरची पातळी सुरू झाली, आणि तीनशे जनावरं दोन काटक्या घेऊन एकमेकींवर आपटत बसली. ती अजून बसतात.

निकाल लागला. सगळा वर्ग पास, साळूबाई नापास. दुसरा आणि तिसरा प्रश्न कोरा, शिवाय परीक्षा चालू असताना जागा सोडली. सरांना वाईट वाटलं, पण नियम तो नियम.

गबाजीची हाक सरांनी पाठ करून टाकली. ती आता एकोणिसावं संभाषण आहे. त्यात गबाजीचं कण्हणंही आहे आणि दुसऱ्या वेळचा बारीक आवाजही आहे. सर ते फार सुंदर काढतात. स्वतः गबाजी पाय लांब करून वर्गात बसतो, आपली हाक दोनदा ऐकतो, ब, क, क अशी उत्तरं देतो आणि तीनपैकी तीन मिळवतो.

आणि हाक सुरू झाली, की साळूबाई दर वेळी उठते. जाळीतून वाट काढत ऐनाच्या झाडापर्यंत जाते. खडकाभोवती बघून येते.

एकदा गबाजीच्यानं राहवलं नाही. त्यानं तिला वाटेतच अडवलं. "बाई, मी इथं बसलोय. धडधाकट आहे. तिथं कुणी नाही."

"ठाऊक आहे मला," साळूबाई म्हणाली. "बघून येते एकदा."

ती गेली. गबाजी जाळीकडे बघत राहिला. त्या दिवशी त्याचा तिसरा प्रश्न पहिल्यांदा कोरा राहिला.

तात्पर्य : मुलांनो, नीट ऐकावे, योग्य पर्याय निवडावा आणि जागचे हलू नये. पास व्हायचा दुसरा मार्ग नाही. मात्र झाडावर चढायचे झाल्यास, नापास झालेल्या कुणाच्या तरी घराजवळचे झाड बघावे.