विरघळत्या स्क्रूचा शाबूत नमुना

शरीरात बसवायच्या वस्तू तपासून त्यांना मंजुरी देणारी जी समिती आहे, तिचा मी सचिव. मत देणं माझं काम नाही. अध्यक्षांचं मत हेच सगळ्यांचं मत होतं, असं इतिवृत्तात उतरवणं हे माझं काम, आणि मी त्यात समाधानी आहे.

एकदा एक संशोधक बाई आमच्याकडे स्क्रू घेऊन आल्या. मोडलेलं हाड जुळेपर्यंत तो धरून ठेवणार आणि मग शरीरातच हळूहळू विरघळून जाणार. तो काढायला पुन्हा चिरफाड नको. "लहान मुलांची दुसरी शस्त्रक्रिया वाचेल," बाई म्हणाल्या. "शिवाय कडकपणा हवा तसा ठेवता येतो. हाडासाठी कडक, कूर्चेसाठी मऊ. पेशी वाढवायच्या तर त्याहून मऊ."

"सगळ्यात कडक कोणता?" अध्यक्षांनी विचारलं.

"कशासाठी हवाय, त्यावर आहे."

"मंजुरीसाठी."

बाईंनी सगळ्यात कडक स्क्रू काढून दिला.

नियमाप्रमाणे नमुना प्रत्यक्ष वापराच्या परिस्थितीत ठेवावा लागतो आणि निकाल लागेपर्यंत शाबूतही ठेवावा लागतो. हे दोन्ही नियम एकाच पानावर आहेत, पण ते एकाच माणसाने वाचावेत असं कुठे म्हटलेलं नाही. स्क्रू खारट पाण्याच्या बरणीत घातला, बरणी उबदार पेटीत ठेवली, पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली पहारेकरी काकांकडे दिली. आमच्या बैठका सवडीने होतात, त्यामुळे स्क्रूला भरपूर वेळ मिळाला. पुढे एका बैठकीत बरणी उघडली, तर तो निम्मा झालेला.

"विरघळतोय," बाई खूश होऊन म्हणाल्या.

"विरघळणं हा वस्तूचा गुण झाला," अध्यक्ष म्हणाले. "नमुना कमी होणं ही चोरी आहे. किल्ली कोणाकडे असते?"

काकांना लेखी ताकीद गेली: नमुना आणखी घटल्यास घरी बसावं लागेल. काकांच्या घरी अंथरुणाला खिळलेली बायको आणि कमावणारे हे एकटेच. ते माझ्याकडे आले.

"साहेब, मी स्क्रू खाऊन काय करू? चावायला दात तरी आहेत का मला?"

"काका, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण मला मत नाही हो."

मला खरंच वाईट वाटलं. मी त्यांना चहा पाजला.

पुढच्या बैठकीत बरणीत स्क्रू अख्खा होता. उलट जरा जाडच.

"चोराने परत आणून ठेवला," अध्यक्ष म्हणाले, "आणि तोही व्याजासकट. ताकदीने नाही, ताकिदीने कामं होतात."

बाईंनी तो हातात घेतला. "अहो, हा माझा नाहीच. हा साधा प्लॅस्टिकचा आहे. हा जन्मात विरघळायचा नाही."

"मग तुमच्यापेक्षा चांगला झाला की!"

त्या दिवसापासून आमच्या स्वच्छतागृहातल्या कमोडचं झाकण एका बाजूला कलतं. सगळं माझ्या ध्यानात आलं होतं. मी तोंड उघडलं असतं तर काकांची नोकरी गेली असती. हे खरं आहे, आणि मला सोयीचंही आहे. पुढच्या प्रत्येक बैठकीत नमुना जसाच्या तसा निघाला आणि 'विरघळणारा स्क्रू, न विरघळण्याच्या अटीवर' एकमताने मंजूर झाला. तसा स्क्रू बनवायला बाईंनी नकार दिला. तो बनवायला दुसरे पुष्कळ पुढे आले.

तुम्ही हसाल. पण हाडांचे डॉक्टर मला वेगळंच सांगतात. पोराचा पाय मोडून आलेल्या आईबापांना ते म्हणतात, "हा स्क्रू पुढे पुन्हा चिरफाड करून काढावा लागेल. विरघळणारा हवा असेल तर तो शोधणाऱ्या बाईंकडून खास परवानगी काढून मागवतो." आईबाप आमचा स्क्रू नखाने टोकरून बघतात, दोन बोटांत दाबून बघतात. मग पोराकडे न बघता विचारतात, "विरघळून जाणाऱ्या वस्तूत पैसे कशाला घालायचे? हाच द्या. टिकेल ना?"