गच्चीवर हरवलेली अंगठी

"जमिनीवर लोळून कंबर बरी होत असती, तर गाढवालाच डॉक्टर म्हटलं असतं!" अल्जेरियातल्या कोन्स्तांतीन शहरातल्या एका कॅफेत सी, म्हणजे श्रीयुत, लख्दरने ठणकावून सांगितलं आणि सगळे खो खो हसले.

उभा जन्म बस चालवून त्याची कंबर गंजलेल्या बिजागरीसारखी झाली होती. बूट बांधायला बायको, पडलेला चमचा उचलायलाही बायको. शेवटी त्या बायकोनेच, झुलीखाने, त्याला वसीला नावाच्या फिजिओथेरपिस्टकडे नेलं. हातापायांवर ओणवं व्हायचं, पाठ वर फुगवायची, मग हळूच खाली सोडायची, असे व्यायाम वसीलाने शिकवले.

"असली थेरं मी करणार नाही!" लख्दर बाहेर येऊन म्हणाला.

पण दुखणं काही पाठ सोडेना. मग स्वारी रोज सकाळी गच्चीवर, वाळत घातलेल्या चादरींच्या आड, गुपचूप ओणवी होऊ लागली. बायकोला कळलं असतं तर नाक कापलं गेलं असतं!

एके दिवशी शेजारच्या नौवाराने चादर बाजूला केली.

"अगबाई! सी लख्दर, काय हरवलं?"

"अं... अंगठी!"

"लग्नाची?"

"हो... म्हणजे हो!"

नौवाराने जिन्यातून अशी हाळी दिली की अख्खी इमारत वर आली. बघता बघता गच्चीभर माणसं रांगू लागली. कॅफेतला दोस्त ताहर न्हावी तर पाण्याच्या टाकीखाली शिरला आणि अडकला. त्याला पाय धरून ओढावं लागलं, आणि त्यातला एक पाय खुद्द लख्दरनेच धरला होता!

तेवढ्यात झुलीखा आली.

"कसली अंगठी? बोट सुजतं म्हणून यांनी लग्नातसुद्धा घातली नव्हती!"

नौवाराने कपाळाला हात लावला.

"मग अहो, ही अंगठी कुणाची?" झुलीखाचा आवाज थरथरला.

तो आवाज ऐकून लख्दरची ऐट गळाली. "कुणाची नाही गं! मी व्यायाम करत होतो. रोज करतो. तुला सांगायची लाज वाटली."

"खोटं!"

"बघ तर!" तो सगळ्यांदेखत ओणवा झाला. पाठ वर फुगवली, खाली सोडली. मग भिंतीचा आधार न घेता, 'आई गं' न म्हणता, सरळ उभा राहिला.

झुलीखा बघतच राहिली.

"पुन्हा उठा बघू," ती हळूच म्हणाली.

तो पुन्हा खाली बसला आणि पुन्हा उठला. तिने डोळे पुसले. लख्दरची छाती फुगली. ताहर तर टाळ्याच वाजवू लागला.

"देवाची कृपा!" झुलीखा म्हणाली. "बकरी ईद तोंडावर आलीय. यंदा कुर्बानीचा मेंढा चौथ्या मजल्यावर आपल्या घरी तुम्हीच चढवायचा!"

लख्दरचा हात आपसूक कंबरेवर गेला.