टाळ्यांची तालीम

सुरक्षा सप्ताहाचं नाटक मी बसवणार म्हणजे ते गाजणारच, असं मी स्टाफरूममध्ये छातीठोकपणे सांगितलं होतं! मी रविंद्र गजभिये, सक्करदऱ्याच्या आमच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवतो. गॅदरिंगची नाटकंही माझ्याच गळ्यात पडतात. तेव्हा 'प्रयोगशाळेत अपघात झाल्यास काय करावे' याचं प्रात्यक्षिक करायचं ठरल्यावर मुख्याध्यापक देवतळे सरांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी मान डोलावली.

नाटक सोपं होतं. नववीतल्या पियुषच्या हातावर 'ॲसिड' सांडणार, म्हणजे बीटाचा रस. तो किंचाळणार. त्याच्याच वर्गातली श्वेता त्याचा हात नळाखाली धरणार. मी ओरडणार, "ॲम्ब्युलन्स बोलवा!" देवतळे सर मोबाईल कानाला लावून म्हणणार, "बोलावली!" शेवटी शिक्षण खात्याच्या मॅडम फीत कापून नवे सुरक्षा चष्मे मुलांना वाटणार.

चष्मे येऊन बरेच दिवस झाले होते. पण उद्घाटनाआधी वापरले तर ओरखडे पडतील, म्हणून सरांनी ते कपाटात कुलूपबंद ठेवले होते. त्या दिवशी ते मखमली कापडाखाली ताटात बसले होते. बाजूला झेंडूची फुलं. नव्या नवरदेवासारखे!

मे महिना तोंडावर आलेला. प्रयोगशाळा भट्टीसारखी तापलेली. मागच्या बाकांवर मुलं दाटली. मॅडम आल्या, पंख्याखाली बसल्या, त्यांच्यापुढे थंड पाण्याच्या बाटल्यांची रांग लागली. नाटक सुरू झालं.

पियुष असा किंचाळला की मॅडमच्या हातातलं बिस्कीट खाली पडलं! पोरगा रंगात आला. तालमीत दोनदा हात झटकायचं ठरलं होतं. हा पठ्ठ्या पंख्यासारखा फिरायला लागला! फिरता फिरता त्याचं कोपर टेबलावरच्या चंचुपात्राला लागलं आणि ते उडालं. सकाळच्या प्रॅक्टिकलचं सोडियम हायड्रॉक्साइड त्यात तसंच राहिलेलं होतं. ते उचलून ठेवायचं राहिलं, कारण मी पियुषच्या हाताला बीट लावत होतो.

श्वेता किंचाळली.

टाळ्या पडल्या! मॅडम म्हणाल्या, "वा! मुलगी फारच छान करते हो!"

पियुष मात्र चिडला. दबक्या आवाजात म्हणाला, "मरून मी राहिलो ना वं! तू काहून ओरडून राहिली?"

"डोया!" श्वेता ओरडली. "सर, माहा डोया जळून राहिला!"

आणि मी? मी तिला कौतुकाने पाहत होतो! वाटलं, पोरगी स्वतःच्या मनाने दोन वाक्यं घालते आहे. मग ती खाली बसली. डोळ्यावर घट्ट दाबलेली तिची बोटं दिसली, आणि मी धावलो.

तिला उचलून नळाकडे नेलं. नळ सोडला. नळाने एक लांब सुस्कारा टाकला आणि गप्प झाला. वरची टाकी रिकामी!

"ॲम्ब्युलन्स बोलवा!" मी ओरडलो.

"बोलावली!" देवतळे सर मोबाईल कानाला लावून हसत म्हणाले.

"सर, खरंच बोलवा!"

"बोलावली, बोलावली!" सरांनी मॅडमकडे पाहून डोळा मिचकावला.

मी मॅडमपुढची बाटली ओढली. सरांनी माझं मनगट धरलं. "गजभिये, पाहुण्यांचं पाणी आहे ते!"

सतरा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा मी मुख्याध्यापकांना ढकललं. ते ताटावर पडले. झेंडू उडाले, चष्मे खळखळत फरशीवर सांडले. टाळ्या पुन्हा सुरू झाल्या! मी श्वेताची पापणी उघडी धरून बाटलीमागून बाटली ओतत होतो. ती माझा शर्ट मुठीत धरून रडत होती. प्रयोगशाळेतले मदतनीस नत्थूभाऊ तेवढे धावले. स्टाफरूममधला पाण्याचा कॅन खांद्यावर घेऊन आले. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर मागच्या बाकावरच्या टाळ्या एकेक करून थांबल्या. शेवटची टाळी मॅडमची होती.

दवाखान्यात आम्ही मॅडमच्याच गाडीतून गेलो. वाटेतही पाणी ओतत होतो. सीट भिजली, मॅडम भिजल्या. तिथे गेल्यावर माझ्या लक्षात आलं की माझ्या शर्टभर बीटाचे लाल डाग आहेत. नर्सने ते पाहून मलाच स्ट्रेचरवर झोपवायला घेतलं!

श्वेताचे वडील ताराचंदभाऊ इतवारीच्या धान्यबाजारात टेम्पो चालवतात. ते तसेच आले, अंगावर धान्याची धूळ. मी शिव्या ऐकायची तयारी करून उभा राहिलो. त्यांनी फक्त विचारलं, "सर, डोया वाचन ना?"

"डॉक्टर म्हणतात वाचेल. पाणी लगेच मारलं म्हणून. पण थोडं धुरकट दिसेल... कदाचित कायम."

 ते म्हणाले, "पोरगी सांगून राहिली का टाळ्या वाजत होत्या. कोनासाठी वाजत होत्या, सर?"

तेवढ्यात डॉक्टरांनी त्यांना आत बोलावलं. मला बरं वाटलं. त्याचीच जास्त लाज वाटली.

शाळेने या प्रकरणाची गंभीर दखल घेतली. म्हणजे प्रयोगशाळेला कुलूप घातलं. पुन्हा अपघात नको! चष्मे धुऊन, पुसून परत कपाटात गेले. देवतळे सर माझ्याशी फक्त शिपायामार्फत बोलतात. पियुष वर्गात कोणाशीच बोलत नाही. मी एकदा त्याला जवळ बोलावून म्हणालो, "तुझी चूक नव्हती रे." तो म्हणाला, "मंग कोनाची होती, सर?"

आता मी प्रॅक्टिकल फळ्यावर शिकवतो. जुलैत श्वेता वर्गात आली. काळा चष्मा, पहिला बाक. मी अनुमापनाची, म्हणजे टायट्रेशनची, आकृती काढली आणि सांगितलं की शेवटच्या थेंबाला द्रावण गुलाबी होतं.

तिने हात वर केला. "सर, गुलाबी म्हंजे नेमकं किती गुलाबी?"

मी खडूच्या डब्यात हात घातला. गुलाबी खडू नव्हता. मग पांढऱ्यानेच एक थेंब काढला, आणि त्याच्याखाली चांगल्या ठळक अक्षरात लिहिलं: गुलाबी.