बेड काढून ठेवा

म्हातारीला लग्नाला न्यायची आणि आडवी झोपवून न्यायची, एवढंच शालनने ठरवलं होतं. ठरवताना ते फार लहान काम दिसलं. (लहान दिसणाऱ्या गोष्टी शालनला नेहमीच फसवतात. बघायला आला तेव्हा नवरा दशरथही तिला लहानच दिसला होता.)

म्हातारी म्हणजे शालनची सासू, सुंदराबाई. मोरीत घसरून पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, आता कुठे वॉकर धरून घरातल्या घरात चालायला लागली होती. "प्रवासात पाठ टेकलेली राहू द्या," असं डॉक्टर म्हणाले होते. पाठ टेकलेली म्हणजे झोपलेली, हा अर्थ शालनचा. तिला चौथीपर्यंतची शाळा पुरली होती आणि बाकीचे अर्थ ती स्वतः लावायची.

लग्न होतं फलटणला, मुलाच्या गावी. मुलगी स्पृहा, थोरल्या नणंदेची. पण वाढली ती हडपसरला, आजीच्या मांडीवर. तिने फोनवर साफ सांगितलं होतं, "मामी, बुद्धवंदनेच्या वेळी आजी समोर बसलेली दिसली नाही, तर मी हार हातात घेणार नाही." ही पोरगी बोलते ते करते. लहानपणी एकदा जेवणार नाही म्हणाली, तर शेवटी डॉक्टर आणावा लागला होता.

आणि शालनने तरी गप्प बसावं? तिने साऱ्या नातेवाइकांना ऐकवलं, "आणते म्हणजे आणते. नाही आणली तर माझं नाव बदला." (तिचं नाव बदलायला दोन जावा कधीच्या टपलेल्या होत्या. नवीन नावं तयारही होती. इथे लिहिण्यासारखी नाहीत.)

गाडीची सोय धाकट्या नणंदेच्या मुलाने केली. हा प्रज्ञेश हडपसरलाच एका कंपनीत कॉम्प्युटरवर बसतो. त्याने एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली आणि आत घर मांडलं. शेगडी, बेसिन, पडदे, खाली पाण्याची टाकी. तो तिला मोटरहोम म्हणतो. शालन तिला चाकावरची खोली म्हणते. आत भिंतीला लागून एक गुबगुबीत बाकडं होतं, त्याला तो बेड म्हणायचा.

"हा बेड?" शालन पहिल्या दिवशीच म्हणाली होती. "यावर मांजर झोपेल, तेही पाय पोटाशी घेऊन."

निघायच्या दिवशी गाडी सकाळीच गल्लीत लावून, चावी दशरथकडे देऊन प्रज्ञेश कामावर गेला. दुपारी निघायचं होतं. जेवणं उरकली तोच त्याचा फोन आला. मागे नुसता गोंगाट.

"मामी, मी येतोच. तेवढा बेड काढून ठेवा. आल्या आल्या आजीला झोपवू आणि निघू."

शालनला बरं वाटलं. पोराला अक्कल आली म्हणायची.

"काढू? सगळा?"

"सगळा काढा. अर्धवट काढला की अडकतो तो. आणि जरा जोर लावावा लागतो हां, मामांना सांगा."

फोन बंद.

दशरथ मार्केट यार्डात कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर दिवाणजी. आयुष्यभर दुसऱ्यांची आवक-जावक लिहिणारा माणूस, घाई ठाऊक नाही. घरात एक सागवानी दिवाण होता आणि एक हा दिवाणजी, दोघेही जागचे हलत नसत. आज शालनने दोघांनाही हलवायचं ठरवलं. मांजराचा बेड गाडीतून बाहेर, सासूचा रोजचा दिवाण गाडीत.

"अगं, त्याला परत एकदा विचार," दशरथ म्हणाला. "चांगला बसवलेला बेड काढ कशाला म्हणेल तो?"

"मी बहिरी आहे का? सगळा काढा म्हणाला. अर्धवट नको म्हणाला. तुमच्या नावाने जोर लावा म्हणाला."

"माझं नाव घेतलं?"

"मामांना सांगा म्हणाला."

आपलं नाव कामात घेतलं गेलं म्हटल्यावर दशरथने चप्पल घातली.

शेजारी महिपती राहतो, माल वाहायचा टेम्पो चालवतो. त्याच्याकडे पान्यांचा डबा आहे. हा माणूस खोलायला कधी नाही म्हणत नाही. लावायचं निघालं की त्याला भाडं येतं. दोघं आत शिरले. नट निघाले, स्क्रू निघाले, गाद्या निघाल्या, पण बाकडं हलेना.

"कुठंतरी धरून ठेवलंय त्याला," महिपती म्हणाला.

"जोर लावायला सांगितलंय," शालन दारातून म्हणाली.

त्यांनी जोर लावला. आत काहीतरी फट्कन तुटलं, बाकडं सुटलं आणि त्याच्यामागून टाकीतलं पाणी सुटलं. गाडीतून पायरीवर, पायरीवरून गल्लीत. समोरच्या काकू गॅलरीत आल्या.

"शालनताई, गाडीत धुणी-भांडी सुरू केली का?"

"हो. तुमची आणून द्या, होऊन जातील."

बोलली खरी. पण पाणी सुटणं हे काही 'काढून ठेवा'मध्ये बसत नव्हतं. तिने दशरथकडे पाहिलं. दशरथ भिजलेल्या लेंग्याकडे पाहत होता.

"तो म्हणाला होता का पाणी निघेल म्हणून?"

"निघायची वेळ झाली," शालन म्हणाली. "दिवाण आणा."

दिवाण घराबाहेर काढताना सुंदराबाईंना भिंतीपाशी खुर्चीत बसवलं. पांढरी साडी नेसून, केस बांधून म्हातारी सकाळपासून तयार होती. आपला दिवाण चार माणसांच्या खांद्यावरून चाललेला पाहून तिने विचारलं, "हे कुठं चाललं?"

"तुमच्याबरोबर, आत्याबाई."

"मी दिवाण घेऊन लग्नाला जाऊ? रुखवत हाय का माझं?"

गाडीच्या दारापाशी कळलं की दिवाण रुंद आहे. मग तो उभा धरला, तर उंच झाला. तिरका केला आणि लेंगा बदलून आलेला दशरथ आतून ओढायला गाडीत चढला. बाहेरून महिपतीने एक दणका दिला आणि दिवाण दारात असा रुतला, की ना आत ना बाहेर. दशरथ मात्र पूर्ण आत. ड्रायव्हरच्या बाजूला जायची वाट कपाटाने अडवलेली, बाहेर बघायला फक्त पोळपाटाएवढी खिडकी.

खिडकीतून दशरथचं तोंड दिसलं. "आता?"

"आता जरा भाडं आलंय मला," महिपती म्हणाला आणि पाने गोळा करून निघून गेला.

ऊन उतरायला लागलं होतं. दिवे घाटात रस्त्याचं काम सुरू, संध्याकाळी तिथे गाड्यांच्या रांगा लागतात. म्हातारी पोचली नाही तर उद्या सकाळी पोरगी हार टाकून उठायची. मुलाकडचे म्हणणार, ही कसली मुलगी. आणि सगळं येऊन थांबणार कोणापाशी? शालनपाशी. लग्न मोडणारी मामी, हे तिला जावांनी न सुचवलेलं नवीनच नाव होतं.

"चहा मिळेल का?" आतून दशरथने विचारलं.

तेवढ्यात प्रज्ञेशची दुचाकी आली. तो उतरला आणि तिथेच उभा राहिला. हेल्मेट काढायचंही त्याला सुचलं नाही.

"मामी, बेड कुठंय?"

"काढला."

"काढला म्हणजे?"

"म्हणजे काढला. तूच म्हणालास काढा. सगळा काढा."

"अहो मामी, काढा म्हणजे बाहेर काढा."

"बाहेरच आहे. तो काय भिंतीला."

प्रज्ञेशने भिंतीकडे पाहिलं. आपला बेड, त्याच्या गाद्या, त्याच्यावर वाळत टाकलेला मामाचा लेंगा. मग तो हळूच खाली बसला. हेल्मेटमधून आवाज आला, "मामी, बाकड्याच्या खाली कप्पा आहे. त्याला धरून ओढलं की आतून बेड बाहेर येतो. तो काढायचा होता. खणातून चमचा काढतो, तसा."

शालन म्हणाली, "मग ओढून ठेवा म्हणायचं. आम्ही दात काढा म्हटलं की तू दात ओढून बाहेर आणतोस का?"

"दाताच्या डॉक्टरकडे आणतातच, मामी."

"मी म्हटलंच होतं, परत विचार म्हणून," खिडकीतून दशरथ म्हणाला.

"तुम्ही आत बसा," शालन म्हणाली. त्याला दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतंच.

बेड परत बसवायचा, तर नट महिपतीच्या डब्यात आणि महिपती भाड्याला. दिवाण ओढून पाहिला, ढकलून पाहिला, तेल लावून पाहिलं. गाडी चालू करून पाहावी, असंही समोरच्या काकूंनी सुचवलं. शेवटी शालन घरात गेली. सासूसमोर उभी राहून हुकूम देणं तिला येतं. आज काहीच येईना.

"आत्याबाई, दिवाण अडकला."

"कुठं अडकला?"

"पायाला."

सुंदराबाईंनी जरा विचार केला. तो दिवाण त्यांच्या मालकांनी केलेला, त्यावर त्यांचा संसार झालेला. त्या म्हणाल्या, "पाय कापा त्याचे. माझे हायेत अजून. सहा महिने झोपलेच हाय त्याच्यावर, आता नातीचं लगीन पण झोपून बघू का?"

करवत आली. दोन पाय उतरले आणि दिवाण एका झटक्यात गल्लीत पडला. पाठोपाठ दशरथ. मग गाडी पुसून काढली, खाली गादी अंथरली. बेड नसल्यामुळे आत एवढी जागा झाली होती, की गल्लीतलं अख्खं भजनी मंडळ मावलं असतं. पण म्हातारीला गादीवर खाली बसता येईना. खुबा वाकेना.

प्रज्ञेशने ड्रायव्हरशेजारची सीट मागे रेलवली. चांगली आरामखुर्ची झाली. त्याने डॉक्टरांना फोन लावून स्पीकरवर ठेवला. डॉक्टर म्हणाले, "उत्तम. पाठ टेकली म्हणजे झालं. झोपवून न्या असं कोण म्हणालं?"

सगळ्यांनी शालनकडे पाहिलं. शालनने आभाळाकडे पाहिलं.

सुंदराबाई पुढे ऐटीत रेलल्या. दशरथ घर आणि गल्लीतला बेड राखायला मागे राहिला, तो पहाटेच्या एसटीने येणार होता. (घराला राखणीची गरज नव्हती. दशरथला होती, शालनपासून.) मागे गादीवर उरली शालन. धरायला काही नाही, कारण धरण्यासारखं सगळं तिने स्वतः काढून ठेवलेलं.

दिवे घाटात पहिल्या वळणाला ती बेसिनपर्यंत गेली. दुसऱ्या वळणाला परत आली. पुढची वळणं तिला आठवत नाहीत. जेजुरीला तिने पिशवी मागितली. नीरेला दुसरी मागितली. लोणंदच्या पुढे तिने डोक्यावरून पदर घेतला, डोळे मिटले आणि आडवी झाली ती झालीच. पुढून म्हातारीचा आवाज येत होता, "प्रज्ञेश, गाणी लाव की. आणि काच खाली घे, ऊस तोडायला आला काय बघू दे."

फलटणला मांडवापाशी गाडी थांबली. मुलाकडची माणसं भली. आजीचं ऑपरेशन झालंय हे ऐकून त्यांनी चाकांची खुर्ची मागवून ठेवली होती. दोन दांडगे गडी धावत आले आणि त्यांनी मागचं दार उघडलं. आत गादीवर एक बाई, पदर ओढलेला, चेहरा पांढराफटक, ओठ हलतात पण शब्द नाही.

"जय भीम, आजी. घाबरू नका," एक म्हणाला. "सावकाश रे, खुबा सांभाळ म्हातारीचा."

"मी..." शालन म्हणाली.

"बोलू नका आजी, दम लागेल."

त्यांनी तिला अलगद उचलून खुर्चीत बसवलं. पायांवर शाल टाकली. मुलाची आई लगबगीने पुढे आली, वाकून पाया पडली आणि बाजूच्या बाईला हळूच म्हणाली, "ऐंशीच्या तरी असतील, नाही? तरी आल्या बिचाऱ्या."

तोपर्यंत पुढचं दार उघडून, वॉकर टेकत सुंदराबाई उतरल्या होत्या. स्पृहा धावत येऊन त्यांच्या गळ्यात पडली आणि रडता रडता हसायला लागली. नातीची पाठ थोपटत म्हातारीने खुर्चीकडे एकवार नीट पाहिलं.

"जपून न्या रे तिला," ती गड्यांना म्हणाली. "सून हाय माझी. वय झालंय आता तिचं."