कामकाजातून काढलेला 'नाही'

माझ्या मुलीचा 'नाही' सभागृहाच्या कामकाजातून काढून टाकण्यात आला, त्यामुळे तिला तो घरीही वापरता येईना.

चूक माझीच. कामकाजाचं चित्रीकरण शाळांत दाखवायला परवानगी मिळाली, तेव्हा पालकांकडून संमतिपत्र भरून घेतलं होतं. 'चित्रफीत चालू असेपर्यंत वर्ग सभागृहाचा भाग समजला जाईल,' असं चौथ्या कलमात स्पष्ट लिहिलं होतं. मी एम. ए. झालेली बाई, कणकेच्या हाताने सही करून मोकळी झाले.

केतकीच्या वर्गाला, म्हणजे तिसरी ब ला, तलावांतल्या गाळाबद्दलचा एक जुना ठराव दाखवत होते. पडद्यावरचे अध्यक्ष म्हणाले, "प्रतिकूल असतील त्यांनी 'नाही' म्हणावे." कुणीच बोलेना. विचारलंय तर उत्तर द्यावं, म्हणून केतकी म्हणाली, "नाही." अध्यक्षांनी चष्म्यावरून वर्गाकडे पाहिलं. ठराव एकमताने संमत होऊन तसा छापूनही झाला होता. तेव्हा हा शब्द आणि या अर्थाचे इतर शब्द कामकाजातून काढून टाकावेत, असा त्यांनी निर्णय दिला.

पहिले दोन दिवस, खरं सांगते, मला बरं वाटलं. कारलं खाणार? हो. केस विंचरू? हो. सासूबाईंना फोन करून हे मी माझ्या संस्कारांच्या नावावर खपवलंसुद्धा. तिसऱ्या दिवशी केतकी उपाशी घरी आली.

"डबा खाल्ला कुणी?"

"स्पृहाने. ती म्हणाली, देतेस का."

"आणि तू?"

"हो म्हणाले. दुसरं काही येतच... बघ ना, आई. तिथे रिकामंच लागतं."

स्पृहा तिच्या शेजारी बसते. मी दोन डबे देऊन पाहिले. स्पृहा स्वतःचा धरून तीन खाऊ लागली. आठवड्यात केतकीच्या फ्रॉकचा पट्टा एक घर आत गेला.

वर्गशिक्षिका हुद्दारबाई म्हणाल्या, "निर्णय वरचा आहे हो. मी फक्त बटण दाबते."

म्हणून मी सभागृहाच्या कचेरीत गेले. तिथले कक्ष अधिकारी गोडांबे सज्जन निघाले.

"शब्द सुखरूप आहे," ते म्हणाले. "आमच्या कपाटात याहून फार वाईट शब्द आहेत. मुलीचा म्हणून हा वेगळ्या खणात ठेवलाय."

"मग द्या ना."

"असा हातात कसा देणार, ताई? त्याच चित्रफितीत तिने उभं राहून मागायचा. मग अध्यक्ष विचारतील, मागणी मागे घेता का. तसा प्रघातच आहे."

"त्यावर तिने नाही म्हणायचं?"

"अर्थात."

"साहेब, तिला तेच तर म्हणता येत नाही."

गोडांब्यांनी यावर बराच विचार केला. "अडचण आहे खरी," ते म्हणाले.

"गप्प राहिली तर?"

"मागे घेतली असं धरतात."

"मान हलवली तर?"

"कामकाज टिपून घेणारे प्रतिवेदक खाली बघून लिहीत असतात. त्यांना मान दिसायची नाही."

मंगळवारी तिसऱ्या तासाला हुद्दारबाईंनी तीच चित्रफीत पुन्हा लावली, आणि मी मागच्या बाकावर बसले. गुडघे बाकाखाली मावत नव्हते. चित्रफीत गाळापर्यंत आली तशी केतकी उभी राहिली. "माझा शब्द परत द्या," ती म्हणाली.

"मागणीचा सहानुभूतीने विचार केला जाईल," अध्यक्ष म्हणाले. "सन्माननीय सदस्या आपली मागणी मागे घेतात काय?"

केतकीने तोंड उघडलं, मिटलं. मी ओढणीचं टोक दातांत धरलं. ही वेळ मी तिच्यावर आणली होती.

मग केतकीने जीभ दातांवर आपटली. "च्च."

हे तिच्या बाबांचं. चहा हवा का विचारलं की ते एवढंच करतात, आणि नऊ वर्षं मी त्यावरून भांडते आहे.

"काय म्हणाल्या?" अध्यक्षांनी विचारलं.

प्रतिवेदकाने पेन थांबवलं. "ऐकू आलं, महोदय. लिहिता येत नाही."

"अर्थ?"

"अर्थ पोचला."

अध्यक्षांनी नियमांचं पुस्तक चाळलं. "लिहिता येत नाही ते काढूनही टाकता येत नाही," ते शेवटी म्हणाले. "मागणी कायम. अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावे."

तिसरी ब मध्ये एक्केचाळीस मुलं आहेत आणि त्यांना एका सुरात उत्तर द्यायची सवय आहे. स्पृहाचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

शब्द शुक्रवारी रजिस्टर पोस्टाने आला. पाकीट विद्यार्थिनीने स्वतःच उघडावे, अशी वर सूचना होती. सोमवारी डबा रिकामा घरी आला.

"स्पृहाला दिलास?"

"नाही."

"भाजी आवडली?"

"नाही."

"गृहपाठ झाला?"

"नाही."

मी तिच्यासमोर पाट घेऊन बसले आणि आणखी विचारत राहिले.