माणिकरावांच्या पसंतीचा चाकू

कुणाच्या हातात घडीचा चाकू दिसला, की आमचे माणिकराव रामराम करायच्या आधी तो मागून घ्यायचे. दोनदा उघडायचे, दोनदा मिटायचे आणि परत देताना म्हणायचे, "बेकार!" सेलूच्या एका कापसाच्या जिनिंग मिलमध्ये आम्ही शेजारशेजारच्या टेबलांवरचे कारकून. समोरचा माणूस कापूस घेऊन आलेला असो की सोयरीक, निकाल तोच.

का बेकार, हे विचारायची चूक मी एकदाच केली. पातं डुगडुगतं. नखाची खाच उथळ. मूठ गुळगुळीत, ओल्या हातातून निसटंल. टोक एवढं कशाला, कुणाचा कोथळा काढायचाय? आणि शेवटचं, ठरलेलं: "एका हातानं उघडत न्हाई. मग कशाचा चाकू?"

"अहो, देवानं दोन हात दिलेत ना!" मी म्हणालो. त्यावर ते माझ्याकडं असे बघत राहिले, जसा काही तो चाकू मीच बनवलाय.

गंमत म्हणजे हा गृहस्थ स्वतः काहीच कापायचा नाही. थंडीत ऑफिसात जांब यायचे. (पुण्याकडं त्याला पेरू म्हणतात, म्हणोत बापडे.) मीठ-तिखट लावून फोड पुढं केली, की यांची मान आडवी. "आमच्या घरी कापतेत तसं कुनाला जमत न्हाई." बघा तोरा! आणि घरी मात्र कधी कुणाला बोलावणं नाही.

शेवटी चारठाण्याच्या एका लोहाराला त्यांनी वर्षभर छळलं. चाकू आणायला मलाही सोबत नेलं. पात्याला अंगठ्यासाठी बारकी खुंटी, टोक बोथट, मूठ बाभळीची, खरबरीत. माणिकरावांनी एका अंगठ्यानं उघडला आणि म्हणाले, "जमलं." लोहारानं आभाळाकडं बघून हात जोडले.

विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. कुठं गडबड झाली, की स्टँडवर पोलीस पिशव्या तपासायचे. सेलूला उतरलो तर हवालदाराच्या हाती नेमका तोच चाकू लागला. त्यानं अंगठा लावला, पातं अलगद उघडलं.

"एका हातानं उघडायलाय! दुसऱ्या हातानं काय मानूस धरायचा?" म्हणत त्यानं चाकू जप्तीच्या डब्यात टाकायला घेतला.

माणिकरावांनी त्याचं मनगटच धरलं.

"सायेब, टोक बघा की! भोसकायचा न्हाई हो. घरी मंडळीचा डावा हात लुळा पडलाय, चार वर्सं झाली. जांब कापून मला द्यायची लय हौस तिला. आता मी कापलं, तर तोंड फिरवून बसती."

हवालदारानं चाकू उघडला, मिटला, पुन्हा उघडला. मग माझ्याकडं वळला. "तुमी जा यांच्यासंगं. बाईला उघडला न्हाई, तर हितं आनून द्यायचा."

असा मी त्यांच्या घरी पहिल्यांदा गेलो, तो सरकारी साक्षीदार म्हणून. वहिनींनी चाकू उजव्या हातात घेतला. अंगठा एकदा घसरला. दुसऱ्यांदा घसरला. माणिकरावांचे ओठ हलत होते, आणि खरं सांगतो, माझेही. तिसऱ्यांदा पातं उघडलं.

माणिकरावांनी पुढं ठेवलेला जांब ताटात लोळायला लागला. ते धरायला धावले.

"हात काढा," वहिनी म्हणाल्या. लुळ्या मनगटानंच त्यांनी जांब ताटाच्या कडेला दाबला आणि एक वाकडीतिकडी फोड कापून नवऱ्यापुढं धरली.

चार वर्षं या माणसानं कुणाच्या हातची फोड खाल्ली नव्हती. त्यानं ती सावकाश चावली.

"जाड झाली," माणिकराव म्हणाले आणि दुसऱ्या फोडीसाठी हात पुढं केला.