सतरा नंबरची हजेरी

नीती माणसाला उपजत येत नाही. ती सोमवार, बुधवार आणि शुक्रवार, पावणेबारा ते साडेबारा अशी शिकवावी लागते, हा शोध नाशिक शहराला १९३५ साली लागला. त्याआधीही गोदाकाठी माणसे राहत होती, लग्ने लावत होती, भांडत होती आणि भांडण मिटवत होती; पण ते सगळे अंदाजपंचे. गावातल्या एका कॉलेजाने (नाव सांगत नाही, मंडळी भली आहेत) त्या वर्षी 'नीतिशास्त्र-प्रवेश' हा विषय सुरू केला आणि हा अडाणी कारभार एकदाचा संपला.

वर्ग प्रोफेसर दाबके घेत. गृहस्थ विद्वान. स्वतः विद्यार्थी असताना उतरवून घेतलेली एक जाड वही ते वर्गात वाचून दाखवत आणि तास संपेपर्यंत तीतून मान वर काढत नसत. वहीत तांबड्या पेन्सिलीने खुणा होत्या: इथे थांबणे, इथे हसवणे, इथे पाणी पिणे. व्याख्यान इंग्रजीत चाले आणि झोप मराठीत.

पहिल्याच टर्मचा निकाल डोळे दिपवणारा होता. तर्कशास्त्राच्या तासाला सरासरी हजेरी एक्केचाळीस, गणिताला अडतीस, कवायतीला नऊ. नीतिशास्त्राला पटावर त्रेसष्ट आणि हजर त्रेसष्ट. प्रिन्सिपॉलसाहेबांनी हा आकडा वार्षिक अहवालात ठळक छापला आणि खाली लिहिले, 'आमच्या तरुणांत नीतीची भूक किती आहे पाहा.' वर्गात प्रत्यक्ष एकवीस जण बसत, ही किरकोळ बाब अहवालात राहून गेली. उरलेले बेचाळीस कुणी चहाच्या हॉटेलात, कुणी रामकुंडावर पोहायला, कुणी घरी मामाच्या लग्नाला. (एका मामाचे लग्न सबंध टर्मभर चालले होते.) त्यांची हजेरी हे एकवीस जण देत. दाबके नुसता नंबर पुकारत, वर बघत नसत, त्यामुळे आवाज तेवढा बदलला की भागे. म्हणजे दरडोई दोन हजेऱ्या जादा. इतका परोपकार नाशकात दुसऱ्या कुठल्या संस्थेत चालत असेल असे वाटत नाही.

या एकविसांतला एक गोरक्ष. लासलगावाकडचा, कांदा पिकवणाऱ्या घरातला, नंबर सोळा. पोरगा मोठा सज्जन. सज्जन म्हणूनच तो या भानगडीत सापडला, नाहीतर रामकुंडावर सुखाने पोहत असता.

त्याच्याकडे एकच जादा हजेरी होती; नंबर सतरा, मालेगावचा जमील अन्सारी. जमीलच्या वडिलांचा, कादरचाचांचा, दिवाळीनंतर उजवा हात मोडला आणि हातमाग काही एका हाताने चालत नाही. हाड जुळेपर्यंत जमीलला घरी मागावर बसणे भाग होते. हजेरी बुडाली की टर्म बुडणार, टर्म बुडाली की वर्ष.

"वर्ष गेलं ना, तर अब्बा परत पाठवणार नाहीत," जमील निघताना म्हणाला. "म्हणतील, मागच बरा होता."

"तू जा रे," गोरक्ष म्हणाला. "तुझी टर्म माझ्याकडं लागली. लय इचार करू नको."

त्या दिवसापासून गोरक्ष सोळाला आपल्या आवाजात आणि सतराला जरा घोगऱ्या आवाजात 'प्रेझेंट, सर' म्हणू लागला. एकदा त्याला सर्दी झाली, तेव्हा सोळाची मोठी पंचाईत झाली. सतरा मात्र झकास वठला.

सगळे सुरळीत चालले होते. जानेवारीतल्या एका बुधवारी दाबके 'सत्य' या प्रकरणावर आले. "सभ्य गृहस्थहो, सत्य म्हणजे काय?" एवढे वाचून ते तांबड्या खुणेप्रमाणे थांबले. आणि त्या गंभीर शांततेत खिडकीकडून उत्तर आले. भरघोस, घसा फाडून दिलेले, शेवटी लांबवर आचके देत गेलेले. खिडकीखाली धोंडीराम कुंभाराचे गाढव बांधलेले असे. कॉलेजच्या नव्या भिंतीला ते माती वाहत होते.

वर्ग खदखदून हसला. वहीत या जागी हसण्याची खूण नव्हती. दाबक्यांनी त्या वर्षात प्रथमच मान वर केली आणि लगेच बसण्याच्या जागांचा तक्ता काढला. खिडकीजवळची जागा, नंबर सतरा. जागा रिकामी दिसत होती. पण हजेरी लागलेली होती. तेव्हा सतरा बाकाखाली दडला आहे, हे उघडच झाले.

दाराशी देवराम शिपाई उभा होता. त्याला राहवले नाही.

"सायेब, ते धोंडीरामाचं गाढव हाय. रोज याच टायमाला वरडतंय."

"देवराम, गाढव पटावर आहे?"

"नाय, सायेब."

"सतरा नंबर पटावर आहे?"

"हाय."

"त्याची आज हजेरी लागली आहे?"

"लागली."

"मग ओरडला कोण?"

बिचाऱ्या देवरामाने नीतिशास्त्र केलेले नव्हते. त्याने नुसते गाढव पाहिले होते.

नोटीस लागली. शुक्रवारच्या तासाला चौकशी. सतरा नंबरने गुन्हा कबूल न केल्यास त्याची टर्म रद्द.

गुरुवारी रात्री बोर्डिंगात ज्वारीची भाकरी आणि झणझणीत रस्सा होता, तरी गोरक्षाने ताट तसेच ठेवले. खरे सांगावे, तर खोट्या हजेऱ्या बाहेर येणार आणि पटावरच्या सगळ्यांच्याच टर्मा जाणार, जमीलची धरून. गप्प बसावे, तर जमीलची एकट्याची जाणार. वर्गात पहिला येणारा सावळीराम (जादा हजेऱ्या तीन) त्याच्या मदतीला वही घेऊन बसला.

सुखवादाप्रमाणे पुष्कळांचे पुष्कळ सुख पाहायचे. बासष्ट विरुद्ध एक, हिशेब सोपा होता; जमीलने बुडावे. कर्तव्यवादाप्रमाणे नेहमी खरे बोलायचे. पण दिलेला शब्दही पाळायचा, आणि दोन्ही एकदम जमत नसेल तेव्हा काय, ते पान दाबक्यांच्या वहीत वाळवीने खाल्ले होते. तिसरा सुवर्णमध्य. त्यात अर्धे खरे सांगायचे. म्हणजे गाढव ओरडले हे सांगायचे आणि सतरा नव्हता हे सांगायचे नाही. पण ते तर देवरामाने सांगून झाले होते.

"शास्त्र म्हणतं, गप बस," सावळीराम वही मिटून म्हणाला. त्याच्या आवाजात शास्त्राविषयी खरीखुरी कृतज्ञता होती.

"अन् जमील?"

"जमील इथं आहे कुठं?"

"त्याच्याच जागी मी हाय ना रे!" गोरक्ष ओरडला आणि ताटावरून उठला. जे व्हायचे ते होवो, उद्या खरे सांगून मोकळे व्हायचे, असे त्याने ठरवले.

शुक्रवारी वर्गाला जातीने बासष्ट जण आले. चौकशी कुणाला चुकवायची नव्हती. बाके पुरेनात, काही जण भिंतीला टेकून उभे. टर्मभर चालणारे मामाचे लग्न सुद्धा त्या दिवशी आटोपले होते. दाबक्यांना यातले काही जाणवले नाही. "आज जरा उकडते," एवढेच ते म्हणाले आणि पट उघडला.

"सोळा?"

"प्रेझेंट, सर."

"सतरा?"

गोरक्ष उठून उभा राहिला. सर, सतरा इथे नाही, दिवाळीपासून नाही, हजेरी मी देत होतो. वाक्य पाठ होते. त्याने तोंड उघडले आणि दोन महिन्यांच्या सवयीने आतून घोगरा आवाज आला, "प्रेझेंट, सर!"

"हं. उभा राहिलास ते बरे केलेस," दाबके चष्म्यावरून म्हणाले. "परवा ओरडलास तो तूच ना?"

बासष्ट टर्मा त्या एका पोराच्या तोंडाकडे बघत राहिल्या. (त्यातली एक त्याची स्वतःची होती.) गोरक्षाने सुखवाद आठवला, कर्तव्यवाद आठवला, आणि मग त्याला निघताना मागे वळून पाहणारा जमील आठवला. हा चौथा सिद्धांत अभ्यासक्रमात नव्हता.

"होय, सर. मीच वरडलो. चुकलं माझं."

दाबक्यांनी चष्मा काढला. त्यांचे डोळे भरून आले होते. "इतकी वर्षे शिकवतो आहे," ते म्हणाले, "माझ्या वर्गात खरे बोललेला तू पहिला!"

गुन्हा माफ झाला. इतकेच नव्हे, तर फेब्रुवारीतल्या स्नेहसंमेलनात सतरा नंबरला 'सत्यनिष्ठेचे रौप्यपदक' जाहीर झाले आणि तसे पत्र मालेगावला गेले.

पत्र सबंध मोहल्ल्यात वाचले गेले. कादरचाचा हात गळ्यात बांधून, माग दोन दिवस बंद ठेवून, जमीलला घेऊन मोटारीने नाशकाला आले आणि पहिल्या रांगेत बसले. जमीलने गोरक्षाला मांडवामागे गाठले.

"मी केलं काय, ते तरी सांग."

"तू गाढवावाणी वरडलास."

"मग?"

"मग खरं सांगितलंस."

"यार, यातलं मी एकही केलं नाही!"

"हळू बोल. म्हणून तर पदक हाय."

जमील हसला नाही. "खोटं पदक अब्बांच्या हातात कसं देऊ? मी वर जाऊन सगळं सांगणार."

"अरे देवा! तुझी टर्म जाईल, माझी जाईल—"

तेवढ्यात नाव पुकारले गेले. दाबक्यांनी जमीलच्या कोटाला पदक लावले, त्याच्याकडे कौतुकाने निरखून पाहिले आणि त्यांना काही वेगळे वाटले नाही. ते नंबर ओळखत. तोंडाशी त्यांचा संबंध नव्हता. "दोन शब्द बोला, सतरा," ते म्हणाले.

जमील पुढे आला. "मला एक खरी गोष्ट सांगायची आहे."

सावळीरामाने डोळे मिटून घेतले. पहिल्या रांगेत कादरचाचा अर्धे उठून डाव्या हाताने डोळे पुसत होते. जमीलने त्यांच्याकडे पाहिले आणि बराच वेळ पाहत राहिला.

"हे पदक माझं नाही," तो शेवटी म्हणाला. "सगळं माझ्या मित्रामुळं झालं."

अक्षर न् अक्षर खरे. केवढा हा विनय, म्हणून टाळ्यांचा कडकडाट झाला. प्रिन्सिपॉलसाहेब तर उभे राहिले. मागे देवराम तेवढा टाळ्या वाजवायचा थांबला होता, पण त्याचे शिक्षण बेताचेच.

आता तुमच्यापुरते. जमील बोलायचा थांबला, तेव्हा तुम्हीही श्वास धरला होता. त्याने सगळे सांगून टाकावे असे वाटत होते, की गिळावे असे? असू द्या, उत्तर नको. आम्ही दाबके नाही. त्यांच्या पटावर त्रेसष्टाखाली एक ओळ मोकळी होती, तिथे तुमचे नाव घातले आहे. तासाला येण्याची तसदी घेऊ नका. 'चौसष्ट?' म्हटले की तुमच्या वतीने कुणीतरी 'प्रेझेंट, सर' म्हणेलच.